कॅन्सरवर औषध सापडलं अशी बातमी आली की घरात काय करायचं

दर काही महिन्यांनी एक बातमी येतेच. कुठेतरी लस निघाली, कुठेतरी गोळी निघाली, कुणीतरी नुसत्या हळद-लिंबावर बरं झालं. ज्यांच्या घरात पेशंट नाही ते वाचतात, चार ग्रुपवर टाकतात आणि आपापल्या कामाला लागतात. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांचा मात्र त्या दिवशी फोन थांबत नाही. पुण्याची मावशी, सोलापूरचे काका, अमेरिकेतला चुलतभाऊ, सगळे तीच लिंक पाठवतात आणि सगळ्यांचं विचारणं एकच असतं, आपल्याला हे मिळेल का, डॉक्टरांना विचारलंस का, का नाही विचारलंस.

हे लिहितेय ते अशा घरांसाठी, आणि त्यातही त्या एका माणसासाठी जो घरात फाइल सांभाळतो. असा एक जण प्रत्येक घरात असतोच, केमोच्या तारखा त्याच्या तोंडपाठ असतात, मेडिक्लेमवाल्यांशी तोच भांडतो आणि असली बातमी आली की उत्तरंही त्यालाच द्यावी लागतात. आमच्याकडे सासूबाईंच्या आजारपणात ते काम माझ्याकडे होतं, नंतर ओळखीतल्यांच्या फाइली बघत गेले, त्यातून जे खरंच उपयोगी पडतं ते सांगते. मी डॉक्टर नाही, औषध कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही, बातमी कशी वाचायची आणि ती घेऊन डॉक्टरांकडे कसं जायचं एवढंच सांगणार आहे.

आधी पाठवणाऱ्याला उत्तर द्या

लिंक पाठवणारा बहुतेक वेळा प्रेमाने पाठवतो. त्याला काही करता येत नाही, तो लांब राहतो, पैशाने मदत करायची ऐपत नाही किंवा आपण घेणार नाही हे त्याला माहितीय, मग तो बातमी पाठवतो. त्यामुळे 'असलं काही पाठवू नका, सगळं फेक असतं' असं तोडून टाकू नका. एक तर सगळं फेक नसतं, आणि दुसरं, पुढे कधी रक्त द्यायला, डबा द्यायला, रात्री हॉस्पिटलमध्ये थांबायला हीच माणसं लागतात. मी एक उत्तर फोनमध्ये सेव्ह करून ठेवलं होतं: 'काका, बघितलं, थँक्यू. आईंच्या प्रकाराला लागू आहे का ते पुढच्या ओपीडीला विचारते, तोपर्यंत चालू आहे तेच चालू ठेवतोय.' एवढ्याने भागतं. पण हे कळवल्यावर खरंच विचारा, कारण काका आठ दिवसांनी फोन करणारच.

फक्त एक करा, ती लिंक पेशंटच्या फोनवर थेट जाऊ नये असं घरच्यांना सांगून ठेवा. पेशंटपासून काही लपवायचं म्हणून नाही. केमोनंतरच्या चौथ्या दिवशी, तोंड आलेलं असताना, पाणीसुद्धा गिळवत नसताना 'आता केमोची गरज नाही' अशी हेडिंग वाचली की माणूस पुढच्या सायकलला, म्हणजे केमोच्या पुढच्या फेरीला, जायलाच तयार होत नाही. आधी फाइलवाल्याने वाचावं आणि मग शांतपणे, पूर्ण गोष्ट सांगावी.

बातमी वाचायच्या आधी एक पान तयार ठेवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. बातमीत 'कॅन्सर' लिहिलेलं असतं. आपल्या माणसाला मात्र एक ठराविक कॅन्सर झालेला असतो, ठराविक अवयवाचा, ठराविक पेशींचा, ठराविक स्टेजचा. बातमी एका हातात आणि रिपोर्ट दुसऱ्या हातात धरल्याशिवाय त्या बातमीचा आपल्याशी संबंध आहे की नाही हे कळूच शकत नाही.

म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट काढा आणि एका कागदावर हे उतरवून घ्या. अवयव कुठला. पेशींचा प्रकार कुठला, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस, लिम्फोमा असेल तर कुठल्या जातीचा. स्टेज किती, आणि ती ऑपरेशनच्या आधीची की नंतरची. मग मार्कर, म्हणजे गाठीच्या ज्या टेस्टवरून कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं. स्तनाचा असेल तर ईआर, पीआर आणि हर-टू पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. फुप्फुसाचा असेल तर ईजीएफआर, एएलके वगैरे टेस्ट केल्यात का आणि काय आलं. आतड्याचा किंवा गुदाशयाचा असेल तर एमएमआर किंवा एमएसआय टेस्ट झालीय का. पुढे आतापर्यंत काय काय झालं, ऑपरेशन, केमोची नावं आणि सायकल, रेडिएशन, तारखांसकट. शेवटी आत्ता चालू असलेली सगळी औषधं, बीपी-शुगरची धरून, आणि घरी कुणी काढा, चूर्ण देत असेल तर तेही.

एखादी गोष्ट रिपोर्टमध्ये सापडली नाही तर जागा मोकळी सोडा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून भरा. हे पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एक झेरॉक्स फाइलीत सगळ्यात वर लावा. सेकंड ओपिनियनला जाल तेव्हा डॉक्टर हे पान बघून खूश होतात, तीनशे पानांची फाइल चाळायला त्यांना वेळ नसतो.

आता बातमी वाचा, आणि पहिलं शोधा की प्रयोग कोणावर झाला

फेब्रुवारी २०२४ ची बातमी आठवत असेल. मुंबईच्या टाटा मेमोरियलने कॅन्सर परत येऊ न देणारी गोळी शोधली, किंमत फक्त १०० रुपये. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती घरांत आशा पालवली असेल कल्पना करा, टाटाचं नाव, शंभर रुपये आणि दहा वर्षांचं संशोधन, आणखी काय पाहिजे माणसाला. लोक मेडिकलवाल्याकडे जाऊन गोळी मागत होते.

आता त्याच बातमीत खाली काय होतं ते बघा. टाटाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी सांगितलं होतं की मरणाऱ्या कॅन्सर पेशींमधून क्रोमॅटिनचे, म्हणजे पेशीतल्या डीएनएचे, कण बाहेर पडतात, ते रक्तातून फिरून निरोगी पेशींमध्ये शिरतात आणि तिथे पुन्हा कॅन्सर सुरू करू शकतात, आणि रेझवेराट्रॉल (द्राक्षांत सापडणारा एक घटक) आणि तांबं एकत्र दिलं तर हे कण नष्ट होतात असं त्यांच्या टीमला दिसलं. उपचारांचे साइड इफेक्ट कमी होतात का हे उंदरांवर आणि माणसांवर दोन्हीकडे तपासलं होतं, पण कॅन्सर परत येणं थांबतं का, हे तपासलं होतं फक्त उंदरांवर. माणसांवर ते तपासायला अजून पाच वर्षं लागतील हेही त्याच बातमीत सांगितलेलं होतं. म्हणजे सगळं समोर लिहिलेलं होतं, फक्त हेडिंगमध्ये नव्हतं आणि फॉरवर्डमध्ये तर मुळीच नव्हतं. टाटाचं काम प्रामाणिक असू शकतं आणि तरीही ती गोळी आज आपल्या माणसाचा कॅन्सर परत येणं थांबवते असं कुणी म्हणू शकत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड जातं.

हे आजचं नाही. मे १९९८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बोस्टनच्या डॉ. ज्यूडा फोकमन यांच्या दोन औषधांची बातमी आली, ट्यूमरला रक्त पुरवणाऱ्या नव्या नसाच वाढू द्यायच्या नाहीत ही त्यांची कल्पना. एका नामवंत शास्त्रज्ञाचं वाक्य छापलं होतं की फोकमन दोन वर्षांत कॅन्सर बरा करणार. औषध बनवणाऱ्या कंपनीचा शेअर १२ डॉलरच्या आसपास होता तो एका दिवसात ८० च्या वर जाऊन आला आणि अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटलांचे फोन पेशंटच्या चौकशीने जाम झाले. स्वतः फोकमन मात्र सांगत होते की तुम्ही उंदीर असाल आणि तुम्हाला कॅन्सर झाला असेल तर आम्ही तुमची चांगली काळजी घेऊ शकतो. उंदरांमध्ये जे दिसलं ते त्या दोन औषधांनी माणसांत दाखवलं नाही. पण कल्पना वाया गेली नाही, त्याच वाटेने पुढे बेव्हासिझुमॅब आलं, २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि आज आपल्याकडेही कितीतरी पेशंटना ते लावतात. ते आयुष्य वाढवतं, काही जणांत बऱ्यापैकी वाढवतं, पण कॅन्सर संपला असं त्याने झालं नाही. मोठी बातमी ते उपयोगी औषध हा प्रवास साधारण असा असतो, आणि तोही नशीबवान औषधाचा. माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत शिरलेल्या कॅन्सरच्या शंभर औषधांपैकी जेमतेम पाच शेवटी मंजुरीपर्यंत पोचतात.

टप्पे थोडक्यात असे. लॅबमध्ये बशीतल्या पेशींवर, मग उंदरांवर, मग माणसांवर पहिला टप्पा, त्यात मुख्यतः डोस किती सोसतो ते बघतात. दुसऱ्यात गाठ कमी होते का, तिसऱ्यात शेकडो पेशंट घेऊन आत्ताच्या उपचारांपेक्षा हे चांगलं आहे का. बातमीत 'पेशींवर' किंवा 'उंदरांवर' असं दिसलं की आपल्या पानाकडे बघायचीही गरज नाही, बातमी वाचून आनंद माना आणि सोडून द्या. बशीतल्या कॅन्सर पेशी तर मिठाच्या पाण्यानेही मरतात.

तारखेची घाई असलेल्या बातम्याही याच खात्यात टाका. जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलच्या एका छोट्या कंपनीने सांगितलं की वर्षभरात कॅन्सरवर पूर्ण इलाज देतो, जगभरच्या पेपरांनी छापलं, वर्ष संपलं आणि इलाज काही आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने जाहीर केलं की कॅन्सरची लस २०२५ मध्ये त्यांच्या पेशंटना फुकट देणार, सप्टेंबर २०२५ मध्ये 'एन्टेरोमिक्स' नावाने १०० टक्के परिणामकारक असं फॉरवर्ड फिरलं, त्या वेळी माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे कुठलेही निकाल जगासमोर नव्हते. त्यातून 'लस' म्हटलं की आपल्या डोक्यात पोलिओची लस येते, मुलांना आत्ताच टोचून घेऊ का असं मला दोघींनी विचारलं. अशा लसी आजार झालेल्या माणसासाठी, बऱ्याचदा त्याच्याच ट्यूमरचा नमुना घेऊन बनवायच्या असतात. मुलींना आज जी खरंच द्यावी अशी लस आहे ती एचपीव्हीची, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची, ती कधीच आलीय आणि तिच्याबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

बातमी खरी असली तरी ती आपली आहे का

आता उलटी बाजू, कारण सगळ्या बातम्या पोकळ नसतात. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून डोस्टारलिमॅब नावाच्या औषधाची बातमी आली. गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ पेशंट, सहा महिने दर तीन आठवड्यांनी हे औषध, ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, आणि बाराच्या बारा जणांची गाठ नाहीशी. हे खरं होतं, नामांकित जर्नलमध्ये छापून आलेलं होतं आणि पुढे टिकलंही, २०२५ मध्ये त्यांनी ४९ जणांचे निकाल दिले आणि गुदाशयाच्या त्या सगळ्या ४९ जणांमध्ये गाठ गेलेली होती. म्हणजे वैद्यकात क्वचित दिसतं असं यश.

पण कोणाला? ज्यांच्या गाठीत एमएमआर नावाची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली आहे फक्त त्यांना, आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे पेशंट १०० मध्ये ५ ते १०. आणि तेही आजार दूर पसरलेला नसताना.

तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या मुलाचा फोन आला. वडिलांना मोठ्या आतड्याचा, लिव्हरला पोचलेला. तो म्हणाला, ताई, गावची दोन एकर विकतो पण हे इंजेक्शन आणतो. मी म्हटलं, आधी बायोप्सीचा रिपोर्ट पाठव. त्यात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, चार नावं होती: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६, आणि चारही नावांपुढे 'इंटॅक्ट'. म्हणजे यंत्रणा शाबूत आहे, म्हणजे हे औषध ज्या बिघाडावर चालतं तो बिघाडच त्यांच्या गाठीत नाही. तेच 'इंटॅक्ट'च्या जागी 'लॉस' असतं तर गोष्ट वेगळी होती, मग त्या जातीच्या इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांबद्दल, डॉक्टरांशी लगेच बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. जमीन राहिली. काकांची नेहमीची केमो चालू राहिली आणि त्यांना त्यातून पुढे जो वेळ मिळाला तो घरी मिळाला.

ती एक ओळ न वाचल्यामुळे माणसं लाखो रुपये घालवतात किंवा उलट, ज्यांना खरंच उपयोग झाला असता त्यांची ही टेस्टच झालेली नसते. म्हणून आतड्याच्या कॅन्सरचा पेशंट असेल तर ही टेस्ट झालीय का हे आजच बघा, बातमी येवो न येवो.

'अमका बरा झाला' असं असेल तर

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्रकार परिषदेत सांगितलं की त्यांच्या पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहाराने गेला, लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, तुळस, साखर आणि दूध बंद. माणूस मोठा, आपल्या बायकोबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलतोय, कोण विश्वास ठेवणार नाही. दोनच दिवसांत टाटाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून पत्रक काढलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. आणि सिद्धूंच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, केमोथेरपी झाली होती, हे सगळं उघड होतं. नंतर सिद्धूंनीही सांगितलं की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचारांच्या जोडीला होता.

अशी गोष्ट ऐकली की तीन गोष्टी विचारा. कॅन्सर आहे हे बायोप्सीने ठरलं होतं का, की कुणी नुसतं सोनोग्राफी बघून गाठ म्हटलं होतं. दुसरं, याच्या आधी किंवा सोबत काय काय घेतलं होतं. तिसरं, किती वर्षं झाली. 'आमच्या शेजारच्या बाईंचा गेला' यातल्या बहुतेक बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं, ते सांगायचं राहून जातं आणि पाल्याचा रस तेवढा लक्षात राहतो. आणि जे तोच रस पिऊन गेले ते सांगायला येत नाहीत.

याचं मोजमापही झालंय. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडलेले २८१ पेशंट घेतले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी त्यांची तुलना केली. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटीच्या वर. सुरुवातीच्या स्टेजला ज्या बाईचा आजार ऑपरेशनने जाऊ शकतो तीच बाई सहा महिने काढा पिऊन जखम झाल्यावर येते, हे कुठल्याही कॅन्सर ओपीडीत बसलात तर दिसेल. कर्नाटकात शिमोग्याजवळ कॅन्सरवरचं औषध म्हणून झाडाची साल आणायला रात्रभर रांगेत उभी राहिलेली मराठी माणसं मीही बघितलीत. मला त्यांचा राग येत नाही, जीव वाचवायला माणूस कुठेही जाईल. फक्त जायचंच असेल तर केमोची तारीख न चुकवता जा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

नाव मोठं, मजकूर खोटा

गरम नारळपाण्याचं फॉरवर्ड अजून फिरतं. नारळाचे तुकडे गरम पाण्यात टाका, कॅन्सर पेशी मरतात, खाली डॉ. राजेंद्र बडवे, टाटा मेमोरियल. २०१९ मध्ये टाटाने जाहीर खुलासा केला की आमच्या डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही. तरी दर उन्हाळ्यात ते परत येतं. लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट ताकदवान, साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, हे त्याच घराण्यातले. ओळखायची सोपी खूण अशी की यात डॉक्टरचं नाव असतं पण तारीख नसते, कुठल्या कॅन्सरवर ते नसतं, आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा' असतं. मजकुरातली एक ओळ कॉपी करून सर्च करा, बहुतेक वेळा खुलासा पहिल्या पानावरच सापडतो. हॉस्पिटलचं नाव असेल तर त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर बघा.

साखर बंद करण्याबद्दल जरा जास्त सांगते कारण त्याने खरं नुकसान होतं. केमोत वजन उतरलेल्या माणसाला खायला घालणं हीच मोठी लढाई असते. खीर, शिरा, केळं, जे जाईल ते. सूनबाईने प्रेमाने गूळ-साखर-दूध सगळं बंद केलं आणि सासऱ्यांचं वजन इतकं उतरलं की पुढची सायकल लांबवावी लागली, असं मी बघितलंय. डायबेटिस असेल तर डॉक्टर सांगतील तसं, नाहीतर पोटात अन्न जाऊ द्या.

पैसे मागतात तिथे थांबा

'कॅन्सर बरा करतो' अशी औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात बेकायदा आहे. १९५४ चा औषधी व जादुई उपचार कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आहे, म्हणजे पॅम्फ्लेट असो, यूट्यूब असो, एसटी स्टँडवरचा बोर्ड असो, जो जाहिरात करतोय तो तिथेच कायदा मोडतोय. रिपोर्ट फक्त व्हॉट्सअॅपवर मागणारा, औषधाचं नाव न सांगणारा, डबीवर लेबल नसलेला, 'केमो बंद केली तरच चालेल' असं सांगणारा, सहा महिन्यांचे पैसे आधी घेणारा, यातलं एक जरी दिसलं तरी तिथून उठा. जाहिरातीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, कराच, पुढचं घर वाचतं.

जर्दाळूच्या बियांतलं 'व्हिटॅमिन बी १७' अजूनही ऑनलाइन विकतात. त्याचंच दुसरं नाव लेट्राइल. अमेरिकेत लोकांच्या दबावामुळे त्याची रीतसर चाचणी घेतली, १९८२ मध्ये १७८ पेशंटचे निकाल आले, कुणालाही ठोस फायदा नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या जवळ पोचलेलं. व्हिटॅमिन तर ते नाहीच.

काढे, चूर्ण घरी देत असाल तर डॉक्टरांना सांगा, ओरडतील म्हणून लपवू नका. केमोची औषधं लिव्हर आणि किडनीतून जातात, वर दुसरं काही घेतलं की रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टरांना वाटतं केमोनेच झालं, मग ते चांगली चालणारी केमो कमी करतात.

ओपीडीत कसं विचारायचं

सरकारी असो की खाजगी, डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाचच मिनिटं असतात. 'डॉक्टर, ते नवीन औषध निघालंय म्हणे' असं विचारलं तर 'ते अजून आलेलं नाही' एवढंच उत्तर येणार. त्याऐवजी कागदावर लिहून न्या: औषधाचं नाव, कुठल्या कॅन्सरवर, आणि मग असं विचारा की या पेशंटच्या प्रकारात आणि स्टेजमध्ये याचा काही उपयोग दिसलाय का, त्यासाठी एखादी टेस्ट करायची राहिलीय का, भारतात मंजूर आहे का, आणि चालू उपचारांच्या जागी द्यायचं की सोबत. यातला टेस्टचा प्रश्न सगळ्यात कामाचा, त्यातूनच कधीकधी खरा रस्ता निघतो.

औषध अजून चाचणीत असेल तर भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय, ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. तिथे आजाराचं नाव टाकलं की कुठल्या हॉस्पिटलमध्ये काय चाललंय, कोण पेशंट घेतात, कोण नाही, ते दिसतं. चाचणीतल्या नव्या औषधाचे पैसे सहसा पेशंटकडून घेत नाहीत, आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचा नियम आहे. 'आमच्या ट्रायलमध्ये घेतो, तीन लाख भरा' म्हणणारा माणूस आधी सीटीआरआयचा नंबर सांगू दे.

मनात शंका राहत असेल तर सेकंड ओपिनियन घ्या, त्यात चालू डॉक्टरांचा अपमान नाही. मुंबईला जाणं जमत नसेल तर टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सोय आहे, रिपोर्ट अपलोड करून लेखी मत मिळतं. ते तयार केलेलं पान इथे पुन्हा कामी येतं.

पेशंटलाच आशा लागली असेल तर

हे सगळ्यात नाजूक. डॉक्टरांनी आता फार काही करण्यासारखं नाही असं सांगितलेलं असतं आणि त्याच आठवड्यात रशियाची लस येते. बुडत्याला काडीचा आधार. इथे आकडेवारी सांगून वाद घालू नका. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, तू बघ तरी काय आहे ते. मी त्यांच्या शेजारी बसून बातमी पूर्ण वाचून दाखवली, उंदरांचा भाग धरून, आणि म्हटलं यात आपल्यासारख्या पेशंटवर अजून झालेलं नाही, पण उद्या डॉक्टरांना विचारते. त्यांना उत्तरापेक्षा कुणीतरी त्यांच्यासाठी अजून शोधतंय हे हवं होतं, असं मला वाटतं. ताबीज, अंगारा, तुळशीचं पान, यांना मी कधी हरकत घेतली नाही. औषधांशी भांडत नसेल आणि घर विकायला लावत नसेल तर असू दे. त्याच वेळी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना भेटा, दुखणं कमी झालं, झोप लागली की माणूस अशा बातम्यांमागे कमी धावतो. मॉर्फिन या दुखणं थांबवणाऱ्या औषधाची भीती घेऊन लोक कण्हत राहतात, त्याची काही गरज नाही.

आणि कधीतरी बातमी खरी असते, आपल्या गावातली असते आणि आपल्याच माणसाची असते, म्हणून सरसकट कान बंद करू नका. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून बनवलेली कार-टी थेरपी, नेक्सकार-१९, हिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली, पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) काढून, लॅबमध्ये बदलून परत देतात. परदेशात जे तीन-चार कोटींना होतं ते मंजुरीच्या सुमारास इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास सांगितलं जात होतं. बी पेशींचा लिम्फोमा किंवा ल्युकेमिया (रक्ताच्या कॅन्सरचे प्रकार), आणि तोही नेहमीच्या उपचारांनंतर परत आलेला किंवा दाद न देणारा, असं तुमच्या पानावर लिहिलेलं असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, रीतसर मागितले की सहसा देतात, आणि कार-टी देणाऱ्या सेंटरची अपॉइंटमेंट घ्या. पैशांसाठी महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, टाटाचे सोशल वर्कर, सगळीकडे एकाच वेळी अर्ज टाका, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्यासाठी थांबू नका.